झाकणाचा खटका

कापड रंगवायच्या कारखान्यात निळूकाकांची उभी हयात गेली. नखं इतकी निळी झाली होती, की खरं नाव घरचेही विसरत चालले होते. "मेल्यावर ओळख पटवायला सोपं," असं काका स्वतःच म्हणत, स्वतःच हसत, आणि मग हसण्यापेक्षा खोकतच जास्त राहत.

कारखान्याचा सगळा माल समुद्रापलीकडच्या एका बड्या कंपनीला जायचा. तिकडची माणसं पाहणीला आली, की दुभाष्या लागायचा. काकांची लेक त्या लोकांची भाषा फडाफडा बोलायची, म्हणून मॅनेजरनं तिलाच नोकरीवर घेतलं. बाप खाली वाफेत, लेक वर पंख्याखाली. काकांना त्याचं कोण कौतुक!

एकदा कंपनीची एक बाई आली. सौम्य बोलणारी, पण रंगखात्यात पाऊल टाकताच तिनं नाकाला रुमाल लावला. कामगारांच्या तोंडावर कोरे मास्क होते, सकाळीच वाटलेले. बाईनं नेमकं काकांनाच गाठून विचारलं, "काही अडचण आहे का? मास्क रोज मिळतात?" लेकीनं प्रश्न आपल्या भाषेत सांगितला.

"मास्क आजच पाहिले," काका म्हणाले. "पण मास्कचं राहू दे. त्या कोपऱ्यातल्या भांड्याचं झाकण बघा म्हणावं. आत वाफ कोंडलेली असताना ते उघडू नये म्हणून खटका असतो. तो तुटलाय. सांगून सांगून जीभ झिजली. एक दिवस कुणीतरी भाजून निघेल."

मॅनेजर लेकीवर डोळे रोखून उभा होता.

"हो, मिळतात. अडचण नाही," लेक बाईला म्हणाली. बाई हसली आणि पुढे गेली.

घरी जाताना काकांनी विचारलं, "मी एवढं बोललो. त्यांच्या भाषेत ते एवढुसंच होतं का गं?"

"बाबा, साहेब समोरच होते. तुम्हाला काढून टाकलं असतं."

"मला, की तुला?"

लेक झपझप पुढे चालू लागली.

पुढे एक मोठी ऑर्डर आली. माल लवकर हवा म्हणून वरून तगादा सुरू झाला. काकांच्या जोडीला लंबू नावाचा कामगार होता. त्यानं घाईत ते झाकण सैल केलं, आणि उकळतं पाणी त्याच्या छातीवर आलं. काका शेजारीच होते. त्यांनी त्याला ओढून बाजूला घेतलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. लंबू काही दिवस इस्पितळात तगला, मग गेला.

कंपनीकडून शोकसंदेश आला. तो लंबूच्या बायकोला आपल्या भाषेत समजावून सांगायचं काम लेकीकडेच आलं. बायको शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "यात माझ्या माणसाचं नाव कुठंय?"

नाव नव्हतंच.

तीच बाई पुन्हा पाहणीला आली, तेव्हा लेक कुणी विचारायची वाट बघत थांबली नाही. तुटका खटका, एका दिवसापुरते मास्क, जादा कामाचा बुडवलेला पगार, आणि पहिल्या खेपेला आपण काय गिळलं होतं तेही, सगळं तिनं सांगून टाकलं. बाईचे डोळे भरून आले. तिनं लेकीचा हात हातात घेऊन आभार मानले.

बाईची गाडी गेल्यावर मॅनेजर ओरडला नाही. खुर्चीत बसला आणि थकल्यासारखा म्हणाला, "हे लोक दरवर्षी भाव पाडतात. त्या भावात मी पगार वाढवू, की खटके बसवू? तू त्यांना माझं सांगितलंस. त्यांचं कुणाला सांगशील?"

महिनाभरात ऑर्डरी बंद झाल्या. असल्या कारखान्याशी आम्ही संबंध ठेवत नाही, असं कंपनीनं जाहीर केलं. फाटकाला कुलूप लागलं. ज्यांच्यासाठी लेक बोलली होती, त्यांच्याच पोटावर पाय आला. ओळखीच्या बायका तिला बघून रस्ता बदलू लागल्या. "खरं बोलली म्हणे! खऱ्याची काय भाकरी होते?" असं एकजण तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

काकांना गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये काम मिळालं. पगार निम्मा. उघडी पिंपं, हातानं ढवळायचं. एके दुपारी डबा द्यायला लेक तिथं गेली. वाळत घातलेल्या कापडाच्या काठावर त्याच कंपनीचं लेबल होतं.

"बाबा, हा त्यांचाच माल आहे!"

"आल्या दिवशीच बघितलं मी."

"मी कळवते त्यांना."

"कळव. पण आधी इथल्या माणसांना विचार."

जवळच एक कामगार बाई ओलं कापड पिळत होती. कोपरापर्यंत हात सोललेले. कंपनीला कळवू का, असं लेकीनं तिला विचारलं. बाई थांबली आणि म्हणाली, "कळवलंस, तर उद्या काम असेल का इथं?"

"ठाऊक नाही," लेक म्हणाली.

बाईनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं, आणि पुढचं कापड पिंपातून बाहेर ओढलं.