रिकामा पत्ता

"दिवटी धरायची सोडून तू बोलायला कधी लागलास रे?"

आधी मराठीत म्हणाला. मग सगळ्यांना कळावं म्हणून तमिळमध्ये. सारं ऑफिस हसलं. मीही हसलो. ते हसणं अजून तोंडात कडू लागतं.

म्हणणारा आमचा मॅनेजर. वयानं माझ्याहून बराच लहान. माझ्यासारखाच तंजावूरचा, घरी मराठी बोलणारा. त्याचे पूर्वज राजांचे कारभारी. माझे त्यांच्यापुढे दिवटी घेऊन चालायचे. राज्य कधीच बुडालं. तरी मी त्याला 'तुम्ही' म्हणतो, तो मला 'तू'.

माझं काम वाचण्याचं. जगभरातले लोक कोड लिहून कुणालाही वापरायला मोकळा ठेवतात. आमचे ग्राहक तो आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घेतात. कोडच्या अशा संचाला लायब्ररी म्हणतात, आणि प्रत्येकीसोबत एक बिल्ड फाईल असते: ही कशी बांधायची, कुठून काय आणायचं, सांभाळतं कोण. ती तपासून मी मंजुरी देतो. खाली माझं नाव लागतं. संध्याकाळी त्यावरून सॉफ्टवेअरची बांधणी सुरू होते.

त्या दिवशीच्या फाईलमध्ये एक ओळ नवी होती. बांधणी सुरू झाली की इंटरनेटवरच्या अमुक पत्त्यावरून फाईल आण आणि चालव. सांभाळणाराही नवा. जुन्याला मेल केला, उत्तर नाही. तो पत्ता उघडून पाहिला. रिकामा. तिथे काहीच नव्हतं. म्हणजे पुढे काहीही ठेवता येणार होतं.

आणि हे सॉफ्टवेअर जाणार होतं इस्पितळातल्या पंपात. रोग्याच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडणाऱ्या पंपात.

मीटिंगमध्ये मी एवढंच म्हणालो होतो, "हे थांबवावं लागेल." त्यावर ती दिवटी.

शेजारची सेल्वी उठली. पापनाशमहून रोज येते, माझ्याच कामावर आहे. "अण्णा खरं सांगताहेत, सार..."

मी तिचा हात खाली ओढला. "उक्कारु मा." खाली बस. ज्यानं माझी अब्रू काढली त्याची मीटिंग बिघडू नये म्हणून मी तिला बसवलं.

नंतर कॉफी घेताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांनी तुम्हाला हसवलं, अण्णा. तुम्ही मला बसवलंत."

मी कप ठेवला. जागेवर येऊन स्क्रीन उघडली. लायब्ररी मंजूर झालेली. खाली माझं नाव.

आमच्याकडे सगळ्यांचे पासवर्ड मॅनेजरकडे असतात. काम अडू नये म्हणून. मीही दिला होता, मागताक्षणी.

त्याच्या टेबलाशी गेलो. "माझ्या नावानं मंजुरी तुम्ही दिलीत?"

"मग? संध्याकाळची बांधणी थांबवायची? तुझ्या नावाला कोण विचारतो?" त्यानं मानही वर केली नाही.

"उद्या काही झालं तर?"

"तर तू तपासलं होतंस."

एवढ्या शांतपणे म्हणाला. माझा जन्म, माझं वाकणं, माझं हसणं, सगळं त्याच्या कामाचं होतं. एखाद्या रोग्याचा जीव गेला असता, तर पुढे करायला माझं नाव तयार होतं.

परत आलो. पासवर्ड बदलला. तो पत्ता पुन्हा उघडला.

आता तिथे एक फाईल होती.

मंजुरी रद्द केली. ती ओळ, तो पत्ता, कारण, सगळं लिहून ग्राहकाला पाठवलं. लायब्ररीच्या उघड्या पानावरही टाकलं, कुणालाही वाचता येईल असं. खाली माझं पूर्ण नाव.

सेल्वी मागे येऊन उभी होती. "माझंही लावा."

तिची नोकरी, तिचं घर, सगळं माझ्या ओठांवर आलं. गिळलं. खुर्ची सरकवून तिला जागा दिली. तिनं आपलं नाव स्वतः लिहिलं.

फोन वाजला. ग्राहकाचा नव्हता, मॅनेजरच्या टेबलावरून होता. तो काचेतून माझ्याकडे बघत होता.

"अरे, ते काढ. आत्ता."

"काढणार नाही. आणि मला 'अरे' म्हणू नका."

नोकरी जाईल. जाऊ दे. त्या पत्त्यावर काय आहे ते मी पाहिलं आहे, आणि विचारेल त्याला सांगणार आहे. माझ्या शेजारी उभ्या राहिलेल्या कुणालाही यापुढे मी खाली बस म्हणणार नाही.