कापराचा धूर

"तू जरा बाहेर थांब. पूजा आटपली की बोलावतो."

आमच्या कंपनीचे साहेब हे मराठीत बोलले. चेन्नईत पेरुंगुडीच्या त्या नव्या आयटी इमारतीत आम्ही दोघंच मराठी. बाकीच्यांना कळू नये म्हणून त्यांनी माझ्या आईची भाषा वापरली.

मी फायर अलार्मचा टेक्निशियन. शिडी लावून एकेका डिटेक्टरला धूर दाखवायचा, अलार्म वाजतो का बघायचं, हे माझं काम. इमारत मालकाच्या ताब्यात देताना अलार्मच्या मुख्य पॅनेलची पूजा होते. हळदकुंकू, लिंबू, कोहळ्यावर पेटता कापूर. त्या धुराने बोंब होऊ नये म्हणून पॅनेलजवळचा डिटेक्टर मीच तेवढ्यापुरता बंद करायचो.

साहेबांनी आधी गाव विचारलं होतं. मग आडनाव. मग गावात घर कुठल्या अंगाला. मला वाटलं, परमुलखात आपलं माणूस भेटलं. मी सगळं सांगून बसलो. तेव्हापासून त्यांची नजर बदलली.

मी उन्हात उभा. काचेतून दिसत होतं. महिनाभर ज्या पॅनेलमध्ये माझे हात होते, ते साहेबांनी स्वतः ओल्या फडक्याने पुसून काढलं. मग पूजा. नंतर बाहेर येऊन प्रसाद वरून हातावर टाकायला लागले. मी हात मागे घेतला. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

पुढची इमारत त्याच रस्त्यावर. पुन्हा पूजा, पुन्हा तेच वाक्य. मी मुकाट बाहेर गेलो. डिटेक्टर चालूच ठेवला.

कापूर पेटला आणि मजल्यामजल्यावर भोंगे सुरू झाले. मालक, पाहुणे, भटजी, साहेब, सगळे पळत बाहेर, माझ्या शेजारी. मला मनापासून आनंद झाला. साहेबांनी दरडावून विचारलं, विसरलास का?

"विसरलो नाही. मुद्दाम चालू ठेवला. मी बाहेर, तर सगळे बाहेर."

मग मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मालकालाही सांगितलं, की हे मला जातीमुळे आत उभं राहू देत नाहीत. संध्याकाळी माझी नोकरी गेली. गेली तर गेली, दुसरी मिळाली.

साहेब आता निवृत्त होऊन चेन्नईतच वेस्ट मांबलमला राहतात. ओळखीचे म्हणतात, म्हातारे झालेत, सोडून दे. का सोडू? ते जिथे दिसतील तिथे, देवळाच्या दारात असोत नाहीतर नातवंडांच्या घोळक्यात, मी मोठ्याने विचारणार, मला बाहेर का काढलंत? तमिळमध्ये विचारणार. सगळ्यांना कळलं पाहिजे.