परांचीवरचे विटकरी शिंतोडे

ती घटना आठवली की आजही माझ्या तळहातांना घाम सुटतो. पोलीस खात्यात उभी हयात गेली. चाकू घेऊन अंगावर येणारी माणसं पाहिली, दगड घेतलेल्या जमावासमोर उभा राहिलो. पण खरी भीती काय असते ते मला एका परांचीने दाखवलं, आणि तेव्हा मी स्वतः जमिनीवर सुखरूप उभा होतो. या प्रकरणातली बहुतेक माणसं अजून नवी मुंबईतच राहतात, म्हणून कोणाचं नाव लिहीत नाही.

बोनकोडे गावाच्या कडेला एका उंच इमारतीचं बाहेरून प्लास्टर चाललं होतं. तिथला एक गवंडी परांचीवरून पडून जागीच गेला. ड्युटीवरच्या उपनिरीक्षकाने अकस्मात मृत्यूची नोंद केली, इन्क्वेस्ट पंचनामा झाला, प्रेत पोस्टमॉर्टेमला गेलं. जबाब घेतले. परांचीला बाहेरून हिरवी जाळी लावलेली होती, त्यामुळे खालून तिचा आतला भाग दिसत नव्हता, आणि त्या दिवशी वर कोणी चढलं नाही. चौकशीचे कागद माझ्या टेबलावर आले.

कागद वाचताना एक गोष्ट खटकली. सगळ्या साक्षीदारांनी एकच वाक्य सांगितलं होतं, "बेल्ट लावला नव्हता, पाय घसरला." माणसं खरं सांगतात तेव्हा तीच गोष्ट ज्याच्या त्याच्या शब्दांत सांगतात. शब्द जुळले की समजावं, कोणीतरी उजळणी करून घेतली आहे.

अंत्यविधी उरकल्यावर त्या साइटची सेफ्टी ऑफिसर पोलीस ठाण्यात आली. तिशीच्या आतली, कोकणातल्या कुटुंबातली मुलगी. साइटवर तिला सगळे 'सेफ्टी मॅडम' म्हणत. परांची तपासून, चढायला सुरक्षित असेल तर शिडीपाशी हिरवी पाटी लावायची आणि नसेल तर लाल, हे तिचं काम. ती खुर्चीच्या कडेला बसली आणि तिने आधी दाराकडे बघून घेतलं.

"साहेब, हिरव्या पाटीवर सही माझी आहे. आता सगळे मलाच अडकवणार. पण मी तपासली तेव्हा परांची पक्की बांधलेली होती. टाय सगळे जागेवर होते."

टाय म्हणजे काय ते मला तिनेच समजावलं. परांची नुसती उभी नसते. ठरावीक अंतरावर आडवे पाइप टाकून ती इमारतीला घट्ट धरून ठेवावी लागते. ते काढले तरी परांची लगेच कोसळत नाही. उभी दिसते, वर माणूसही चढतो. मग वारा आला, वजन एका बाजूला गेलं की ती भिंतीपासून सुटायला लागते.

"कोणी काढले असतील?" मी विचारलं.

"माहीत नाही. पण मला घरी फोन येतायत, साहेब. काही बोलत नाहीत. नुसते धरून ठेवतात."

दुसरी खबर बोनकोड्यातून आली. साइटच्या पाठीला लागून घर असलेली एक वयस्कर बाई आमच्या हवालदाराला बाजारात भेटली आणि मला भेटायचं आहे म्हणाली. तिला पोलीस ठाण्यात यायचं नव्हतं. मी साध्या कपड्यांत तिच्या ओट्यावर जाऊन बसलो. तिने आधी दार ओढून घेतलं.

"माजं नाव कुठं लिवू नका, साहेब. पोराचा टेम्पो हाय त्या साइटवर, त्याच्यावर घर चालतंय. पन तो मानूस पडला ना, त्याच्या आधी मी बगलंय. मुकादम आनि दोघं जनं जाळीच्या आतनं पाइप काढीत व्हते. टेम्पोत भरून नेलं."

"तुमच्या मुलाच्या टेम्पोत?"

 ती पदर तोंडावर धरून रडायला लागली. मी पुढे काही विचारलं नाही.

मुकादमाला बोलावून घेतलं. परांची बांधणाऱ्या ठेकेदाराचा तो खास माणूस, मूळचा लातूरकडचा, वीसेक वर्षं याच धंद्यात. हात लोखंडासारखे, बोलणं गोड. मी मारहाणीच्या बाजूचा कधीच नव्हतो. माणसाला तेच तेच निरनिराळ्या क्रमाने विचारत राहिलं की पाठ केलेली गोष्ट कुठेतरी अडखळते. हा अडखळला नाही.

"साहेब, टाय काढले म्हणता, तर ते जागेवर कसे? उद्या तुम्ही पंच घेऊन येणारच आहात ना? मोजून घ्या. एक जरी कमी निघाला तर मला आत टाका."

इतक्या खात्रीने तो बोलला की मला त्या बाईबद्दलच शंका आली. म्हाताऱ्या डोळ्यांनी भलतंच पाहिलं असेल का?

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन पंच, फोटोग्राफर, हवालदार, सेफ्टी मॅडम आणि मुकादम असे आम्ही साइटवर गेलो. इमारतीच्या आतल्या जिन्याने एकेक मजला चढत खिडक्यांमधून परांची पाहायची असं ठरलं. खरोखरच टाय सगळे जागेवर होते. मुकादमाने एका खिडकीतून बाहेर पाऊल टाकलं आणि फळीवर उड्या मारून दाखवल्या. परांची हलली नाही.

"बघा, साहेब."

पंचांनी माझ्याकडे पाहिलं. हवालदाराने पंचनाम्याचा पॅड उघडला. माझ्या हातातून केस निसटत होती.

मी त्या खिडकीतल्या टायच्या आडव्या पाइपावर हात ठेवला. परांचीच्या बाकी पाइपांवर सिमेंटचे ओघळ वाळून पांढरे झाले होते, हात लावला तर खरखरीत लागत. हा पाइप मात्र गुळगुळीत होता, आणि त्याच्यावर विटकरी रंगाचे बारीक शिंतोडे होते. पुढच्या खिडकीतला पाइप पाहिला. तसाच. त्याच्या पुढचाही.

"मॅडम, इथे रंगकाम सुरू झालंय का?"

"नाही, साहेब. अजून प्लास्टरच..." ती बोलता बोलता थांबली. तिने नखाने तो रंग खरवडला. मग तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं ते मी पाहिलं.

"साहेब, हे पाइप इथले नाहीत. रंग चाललेल्या दुसऱ्या कुठल्यातरी बिल्डिंगचे टाय काढून इथे लावलेत. पंचनाम्यासाठी." तिचा आवाज खाली गेला. "म्हणजे तिथे आता काहीच नाही."

 पोलीस येणार म्हणून ही परांची पक्की झाली होती आणि तेवढ्याचसाठी दुसरी कुठेतरी सुटी झाली होती.

मी मुकादमाची कॉलर धरली. "कुठली साइट? बोल!"

"साहेब, तिथं आज काम बंद हाय. मालकानं सांगितलंय, रंगारी नसतील आज म्हणून. कोणी वर नाय."

"रंगाऱ्यांच्या मुकादमाला फोन लाव. स्पीकरवर."

त्याचा नंबर दोनदा चुकला. मग फोन उचलला गेला. आधी वाऱ्याचा घोंघाट ऐकू आला आणि त्यातून एक हसरा आवाज.

"हाँ मुकादम, बोलो. ऊपर हूँ, ज़ोर से बोलो."

 आम्ही सगळे त्या फोनकडे बघत होतो. सेफ्टी मॅडमने तो मुकादमाच्या हातातून काढून घेतला.

"भैया, मैं सेफ्टीवाली मैडम बोल रही हूँ. ऊपर कितने लोग हैं?"

"छह-सात होंगे. क्या हुआ?"

तिने क्षणभर डोळे मिटले. खरं सांगितलं तर माणसं घाबरून शिडीकडे धावणार, आणि सगळ्यांचं वजन एका कोपऱ्यात गेलं तर संपलंच. ती अगदी शांत आवाजात म्हणाली, "कुछ नहीं हुआ. चेकिंग आ रही है. सबको बोलो, शिडीने उतरायचं नहीं..." तिचं मराठी-हिंदी एक झालं होतं, तिने पुन्हा सांगितलं. "सीढ़ी पे कोई नहीं जाएगा. दीवार से लगके, एक-एक करके, बालकनी से अंदर. दौड़ना मत."

इकडे मुकादमाने पत्ता सांगितला, तुर्भ्याचा. मी कंट्रोलला कळवलं, अग्निशमन दल मागवलं, तुर्भ्याच्या पोलिसांना निघायला सांगितलं आणि आम्ही जीपमध्ये बसलो. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कंटेनरची रांग लागलेली. सायरन वाजत होता आणि ट्रक जागचा हलत नव्हता. मागच्या सीटवर मॅडम फोन कानाला लावून बसलेली. शेजारी मुकादम गुडघ्यांत डोकं घालून. ती त्याला विचारत होती, बाल्कन्या कुठल्या बाजूला, ग्रिल कुठे लागलेत, कुठल्या मजल्यावरून आत जाता येईल. तो डोकं वर न काढता उत्तरं देत होता आणि ती तेच वर पोहोचवत होती.

मध्येच पलीकडचा आवाज बदलला. हसू गेलं होतं.

"मैडम, ये हिल रहा है."

"मालूम है, भैया. तुम बालकनी में पहुँचे?"

"मैं पहुँच गया. चाचा उधर रह गए."

आम्ही पोहोचलो तेव्हा खाली माणसं जमली होती. मी वर पाहिलं. खाडीकडून वारा सुटला होता, हिरवी जाळी फुगत होती, आणि वरच्या मजल्यांपाशी परांची आणि भिंत यांच्यामध्ये आभाळाची एक पट्टी दिसत होती. वारा आला की ती रुंद व्हायची, वारा पडला की अरुंद. तिकडे बघताना मला श्वास घेता येत नव्हता. बाकीचे रंगारी आत गेले होते. एकटा म्हातारा, ज्याला सगळे चाचा म्हणत, तो वरच्या कोपऱ्यात उभ्या पाइपाला मिठी मारून बसला होता. त्याच्यासमोर फक्त बाथरूमची खिडकी.

आम्ही आतल्या जिन्याने धावत वर गेलो. अग्निशमनचे जवान आधीच पोहोचले होते. त्यांनी खिडकीच्या काचा आणि चौकट काढून टाकली, एकाने हात लांब करून म्हाताऱ्याच्या कमरेच्या बेल्टमध्ये दोर अडकवला. परांची गेली तरी आता तो लटकून राहिला असता. पण तो पाइप सोडेना. डोळे घट्ट मिटलेले, ओठ हलत होते. जवान ओढायला लागले की तो आणखी घट्ट धरायचा आणि सगळा सांगाडा करकरायचा.

"ओढू नका," मॅडम ओरडली. "ओढू नका, सगळं बाहेर जाईल!"

तेवढ्यात माझ्या मागून मुकादम पुढे आला. हवालदाराने त्याचा दंड धरला, मी मान हलवली आणि हवालदाराने सोडला. मुकादम खिडकीत पोटावर आडवा झाला, दोन्ही हात बाहेर काढले आणि म्हाताऱ्याच्या कानाशी म्हणाला,

"चाचा, पाइप छोड़ो. इसका टाय मैंने खोला है. कल मैंने अपने हाथ से खोला है. इसपे भरोसा मत करो. मेरा हाथ पकड़ो."

म्हाताऱ्याने डोळे उघडले. तो मुकादमाकडे बघत राहिला. ती नजर मी लिहू शकत नाही. मग त्याने एक हात सोडला, मग दुसरा, आणि जवानांनी त्याला आत खेचून घेतलं. तो बाथरूमच्या फरशीवर बसला आणि त्याने मुकादमाच्या थोबाडीत मारली. मुकादम हलला नाही.

परांची त्या दिवशी पडली नाही. जवानांनी दोरांनी आवळून ठेवली आणि नंतर तुकड्या-तुकड्याने उतरवली.

मुकादमाने पुढे दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब दिला. ठेकेदाराकडे सगळ्या साइट्सना पुरतील एवढे टाय कधीच नव्हते. जिथे तपासणी, तिथे ते जात. तपासणी झाली की पुढच्या साइटवर. बोनकोड्याचा गवंडी गेला तो अशाच मधल्या काळात. तुर्भ्याच्या रंगाऱ्यांना काम बंद ठेवायला कोणी सांगितलंच नव्हतं. ठेकेदाराला आणि साइट मॅनेजरला अटक झाली, दोघे जामिनावर सुटले, खटला अजून उभा आहे. मी साक्षीला गेलो तेव्हा बचावाच्या वकिलांनी तुर्भ्याबद्दल मला एकच प्रश्न विचारला, "परांची पडली का?" मी म्हटलं, "नाही." ते खाली बसले. बोनकोड्याच्या त्या बाईचं नाव कुठल्याही कागदावर आलं नाही. सेफ्टी मॅडमची नोकरी गेली, तिने दुसरीकडे मिळवली. तिला मी एकदा विचारलं होतं, पुन्हा त्याच कामात भीती वाटत नाही का? ती म्हणाली, "रोज वाटते, साहेब. वाटायची बंद झाली तर मी पाटी लावायला लायक राहणार नाही."

आम्ही पोलीस समोर जे आहे त्याचा पंचनामा करतो. आहे ते नीट आहे ना, हे पाहतो. या प्रकरणाने मला शिकवलं की एखादी गोष्ट फार नीट दिसली तर ती कुठून उचलून आणली, आणि तिथे आता कोण उघड्यावर आहे, हे विचारायला हवं. आणि दुसरं म्हणजे, आमच्या खात्यात भीती लपवायला शिकवतात. ती लपवू नये. त्या दुपारी जे जीव वाचले ते घाबरलेल्या माणसांनी वाचवले. ज्याला कसलीच भीती नव्हती तो ठेकेदार आपल्या ऑफिसात बसला होता.

आता मी नेरूळला राहतो. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या रंगकामासाठी परांची उभी राहिली. मी रोज सकाळी खाली उतरतो, रंगाऱ्यांच्या मुकादमाला बोलावतो आणि टाय दाखवायला सांगतो. परवा कमिटीतला एक तरुण मेंबर हसून म्हणाला, "काका, रिटायर झालात ना? कशाला एवढं टेन्शन? एवढे घाबरता काय तुम्ही?"

"हो," मी म्हटलं. "घाबरतो. या, तुम्ही पण हात लावून बघा."

तो आला.