इवायांची थाई

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि आमच्या अख्ख्या पट्ट्यात माझ्याइतका हट्टी माणूस दुसरा नाही, याचा मला थोडा अभिमानच होता. तो आमच्या इवायांनी उतरवला. इवाई म्हणजे व्याही, माझ्या मुलीचे सासरे. शहागडला लागूनच त्यांचं गाव. जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलेले, भर उन्हाळ्यातही गळ्याचं बटण लावणारे. माझं शिक्षण चौथीत थांबलं ते थांबलं. त्यांचं थांबायलाच तयार नव्हतं. निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला बसतात, चहाला नावं ठेवतात. यांनी थाई भाषा शिकायला घेतली.

कारण होतं आमची नात, त्यांची आणि माझी सामायिक. जावई बँकॉकला नोकरीला, मुलगीही कामावर जायची, त्यामुळे पोर दिवसभर तिथल्या सांभाळणाऱ्या बाईपाशी. बोलायला लागली तीच थाईत. फोनवर आम्ही दोघं म्हातारे तोंडं पुढे करून बसायचो आणि ती चिमणीसारखं कायतरी चिवचिवून पळून जायची. मी म्हणालो, "पोर आपली आहे, तिला मराठी शिकवा." इवाई म्हणाले, "शिकल तवा शिकल. पण लेकरानं चालत आपल्यापर्यंत यायचं, का आपण उचलून घ्यायला जायचं?" मी तंबाखू मळायला घेतली.

इंग्रज लोकांना थाई शिकवणारी एक गोरी बाई मोबाईलवर यायची, ती यांची गुरू. मोबाईल म्हणे खुर्चीत उभा करायचे आणि स्वतः समोर सतरंजीवर मांडी घालायचे. आयुष्यभर पोरांना बाकावर उभं करणारा माणूस त्या बाईला "येस मॅडम" म्हणायचा. त्या भाषेत म्हणे शब्दाला सूर असतो. 'खाव' वरून खाली घसरवलं की भात, खालून वर उचललं की पांढरं. सूर चुकू नये म्हणून ते बोलता बोलता हात वरखाली न्यायचे. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, सर माशा हाकलून राह्यले. दरबारी, कचेरीतली थाई त्यांना नको होती. "मला अंगणातली पाहिजे," म्हणायचे. भूक, झोप, तिखट, कुठं दुखतंय, जवळ ये. 'ये'ला म्हणे 'मा' म्हणतात. तो शब्द त्यांनी म्हशीवर घटवला. ती आधी ऐकेना, पण रोज पेंड दाखवून 'मा, मा' केल्यावर यायला लागली. "बघा," ते आमच्या ओट्यावर येऊन मला म्हणाले, "माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांपेक्षा जल्दी शिकली." पाण्याला 'नाम' म्हणतात हे कळलं तेव्हा हायवेवरच्या बशीरभाईंच्या हॉटेलात जाऊन रोज "एक नाम" मागायचे. बशीरभाई शेवटी वैतागले. "सर, नाम तो बशीरच है. कितनी बार पूछोगे?"

नात्यांचे शब्द शिकले त्या दिवशी तर लुनावरून उतरायच्या आधीच ओरडले, "इवाई, थाईत बापाचा बाप वेगळा, आईचा बाप वेगळा! मी पू आणि तुम्ही ता!"

"पू जखमेत होतो," मी म्हणालो. "तुम्ही काय ते व्हा, मी आजोबाच बरा."

त्यांना राग म्हणून यायचा नाही. बोंडअळीनं कापूस गेला, लुना पंक्चर झाली, मी टोमणा मारला, सगळ्याला एकच उत्तर, "माय पेन राय." म्हणजे असू द्या, काही हरकत नाही.

सगळ्यात जास्त मार मलाच होता. सकाळी लुना आमच्या ओट्याला लागली की पहिलं वाक्य, "किन खाव रू यांग?" म्हणजे भात खाल्ला का, जेवलात का. त्यावर मी 'किन लेव' म्हणायचं, म्हणजे जेवलो, किंवा 'यांग' म्हणायचं, म्हणजे अजून न्हाई. या वाक्यावर ते नुसते खूश. "चाळीस वर्षं पोरांकडून हाऊ डू यू डू घोकून घेतलं. इंग्रजाला जेवलास का विचारलं तर त्याला वाटतं, हा बोलावून राह्यला जेवायला. थायलंडचा माणूस मात्र बराबर आपल्यासारखा विचारतो!" मी एकदाही थाईत उत्तर दिलं नाही. "मराठीत इचारा, मंग सांगतो," म्हणायचो. ते हसून पुन्हा थाईतच विचारायचे. आणि मी त्यांच्या घरी कधी जायचो नाही. मुलीच्या सासरी बोलावणं असल्याशिवाय बापानं उंबऱ्याला पाय लावायचा नाही, ही आमच्या वडिलांची रीत, आणि ती मी बिलकुल मोडू दिली नव्हती. "आमच्या आडाचं पाणी खारं हाय का इवाई?" असं ते ईनबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, आमच्याकडे घेऊन आले की मुद्दाम त्यांच्यासमोर विचारायचे.

एकच गोष्ट मला कळली नाही. एवढं शिकून हा माणूस फोनवर नातीशी थाईत एक अक्षर बोलायचा नाही. म्हणायचे, फोनवर सूर मरतो, पहिलं वाक्य समोरासमोरच बोलणार. मधे जावयाची बदली सिडनीला झाली. मी म्हणालो, "इवाई, आता पोर इंग्रजी शाळेत जाती." ते म्हणाले, "पहिली भाषा हाडात असते. ती कुठं जाती?"

पुढल्या दिवाळीला मुलगी, जावई, नात, सगळे इवायांकडे आले. मला रीतसर बोलावणं होतं, म्हणून मी गेल्तो. भाकरतुकडा ओवाळून झाला. इवायांनी नवीन सदरा घातला होता, गळ्याचं बटण लावलेलं. गुडघा दुखत असूनही ते नातीसमोर उकिडवे बसले, हात वर नेला, हळूच खाली आणला आणि म्हणाले, "किन खाव रू यांग?"

मला एवढं कळतं की सूर अगदी बराबर लागला होता.

पोरीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग आईकडे. "मम्मा, व्हॉट इज ही सेइंग?"

माझी मुलगी मान खाली घालून सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, ती विसरली. शाळेत गेल्यावर पार विसरली. तुम्ही एवढं करून राह्यलात, सांगायचा धीर न्हाई झाला."

 इवाई गुडघ्यावर हात देऊन उठले आणि म्हणाले, "माय पेन राय."

मुलगी-जावई चार दिवस राहिले. इवाई नातीशी इंग्रजीतच बोलले. हाऊ ओल्ड आर यू, व्हॉट इज युवर स्कूल्स नेम. तीही नीट उभी राहून उत्तरं द्यायची, परीक्षेत देतात तशी. पुढचा प्रश्न त्यांना सुचायचा नाही. जी भाषा जन्मभर शिकवली, तिच्यात लेकराला कुशीत कसं घ्यायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. माझ्याशी पोर मोडकंतोडकं मराठी बोलली, आणि त्याचा आनंद मला त्यांच्यासमोर नीट करता आला नाही. एकदा मात्र ती गोठ्याजवळ उभी होती, तर इवाई म्हशीला हळूच "मा" म्हणाले. म्हैस आली. पोर टाळ्या वाजवून हसली. तो शब्द कुठला, हे त्यांनी तिला सांगितलं नाही.

ज्या दिवशी गाडी मुलगी-जावयाला आणि पोरीला घेऊन गेली, त्या संध्याकाळी आम्ही दोघं रस्त्यावर उभे होतो. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "सकाळी येताल ना लुनावर?" ते म्हणाले, "बघू. आता काय काम हाय?" एवढंच, आणि तेही साध्या मराठीत. त्यांच्या तोंडून साधी मराठी ऐकून मला इतकं वाईट वाटेल, हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर बसलो. लुना आली नाही. बराच वेळ वाट बघितली, तंबाखू मळली आणि तशीच टाकून दिली. मग टोपी घातली आणि चालत त्यांच्या गावाला गेलो. बोलावणं नव्हतं. इवाई ओसरीत बसले होते, मोबाईल पालथा ठेवलेला, वरचं बटण उघडं. मला दारात बघून ईनबाईंनी गडबडीनं पदर सावरला. मी उंबरा ओलांडला, त्यांच्यासमोर बसलो, हात वर नेला, खाली आणला, आणि जमेल तसं विचारलं, "किन खाव रू यांग?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 

"यांग," म्हणाले.

मी ईनबाईंना म्हणालो, दोन ताटं वाढा, आणि आधी पाणी द्या.