वीस मिनिटं, स्टोव्हवर

मान डोलावणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही. प्रताप नगरातल्या त्या मंगल कार्यालयात तीस माणसं दोन दिवस सारखी मान डोलावत होती. तिथेच मला शंका आली.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. एड्स हा शब्द नागपुरात नवा होता आणि शब्दाच्या आधी त्याची भीती पोहोचली होती. आमच्या संस्थेनं खाजगी दवाखान्यांतल्या कंपाउंडर आणि नर्सबायांसाठी शिबिर ठेवलं होतं. मी तेवीस वर्षांची. शिबिरात वाटायचं पत्रक मी लिहिलं होतं आणि त्याचा मला भारी तोरा होता. शेवटच्या रांगेत बसून मी चेहरे तपासत होते. कोण मनापासून ऐकतो, कोण फुकटच्या जेवणासाठी आला, हे मला कळतं असं मला वाटायचं.

एका नर्सबाईनं विचारलं, "मॅडम, असा पेशंट आला तं ओळखायचा कसा?"

शिकवायला आलेल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "ओळखता येत नाही. म्हणून तर प्रत्येकासाठी वेगळी, उकळलेली सुई आणि सिरिंज. ड्रायव्हर असो की देवळातला पुजारी."

"वाडीले तं सारे ड्रायव्हरच हाय," मागून एक कंपाउंडर बोलला. "सुई नाही देल्ली तं हॉर्न वाजवते!"

हशा पिकला. मला हसू आलं नाही. केस पांढरे झालेला हा कंपाउंडर शहराबाहेर, ट्रक थांबतात त्या वाडीच्या ज्या दवाखान्यात होता, तिथेच माझी मोठी बहीण रोज सकाळी स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन घ्यायची. ताईला टीबी झाला होता. भाटवे, म्हणजे तिचे यजमान, वाडीच्या गोदामात कामाला. तिथेच जवळ त्यांची भाड्याची खोली. कोर्सचे सहा महिने बाकी होते. सुई चुकवली तर टीबी उलटणार, आणि सुई चुकीची असली तर काय होईल ते मी स्वतःच्या हातानं पत्रकात लिहिलं होतं.

शिबिराच्या शेवटी डॉक्टरबाईंनी विचारलं, "किती मिनिटं?" सगळे एका सुरात ओरडले, "वीस!" वाडीवाल्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता. इतका मोठा आवाज कशाला, असं मनात आलंच.

नऊ दिवसांनी मी ताईसोबत दवाखान्यात गेले. तिला म्हटलं, सुटी आहे, म्हणून येते. खरं म्हणजे मी त्याला पकडायला गेले होते.

थंडी कडक होती. बाकावर ताई, तिच्या शेजारी पायाला फडकं गुंडाळलेला एक ड्रायव्हर, आणखी दहाबारा माणसं. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. माझं पत्रक भिंतीवर चिकटवलेलं दिसलं, तेही कॅलेंडरच्या वर. हा देखावा कुणासाठी, असं मला वाटलं. वातीच्या स्टोव्हवर भाताचं मोठं पातेलं होतं, त्यात काचेच्या सिरिंजा काठोकाठ. शेजारी गजराचं घड्याळ. कंपाउंडरनं स्टोव्ह पेटवला, गजर लावला आणि चिठ्ठ्या घ्यायला बाहेर आला.

मी पातेल्याकडे बघत उभी राहिले. पंधरा मिनिटं झाली. वाफ दिसायला लागली. अठरा झाली. तळाशी बारीक बुडबुडे धरले. गजर वाजला. त्यानं येऊन स्टोव्ह बंद केला आणि चिमट्यानं पहिली सिरिंज उचलली.

"उकळी कुठं आली?" मी म्हटलं.

"कोन्ती उकळी?"

"पाण्याला! हे नुसतं गरम पाणी आहे. शिबिरात काय ओरडत होतात? वीस मिनिटं! माझी बहीण आहे बाहेर बसलेली. लाज नाही वाटत?"

त्यानं चिमटा खाली ठेवला. चिडला नाही. भिंतीजवळ गेला, चष्मा लावला आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "सुया-सिरिंजा वीस मिनिटं स्टोव्हवर ठेवा." मग माझ्याकडे वळला. "ठेवल्या नं वं बाई. घड्याळ लावून ठेवल्या. मॅडम बोलल्या त्यातलं इसरीन म्हणून तं हा कागद लावला. आधी लहान डब्बा होता माह्याजवळ, दिवसभर खदखदत राहे. सिरिंज एकच, सुई तेवढी बदलो. तुमी म्हटलं माणसागणिक सिरिंज पाह्यजे, तं घरून पातेलं आणलं. आता यवढ्या पाण्याले यवढासा स्टोव्ह."

मी पत्रकाकडे बघितलं. पहिल्या मसुद्यात ओळ होती: "पाणी खळखळ उकळू लागल्यापासून वीस मिनिटं." छापखान्यात मजकूर पानाबाहेर जात होता, तेव्हा मी स्वतः ती कापली. पत्रक म्हणजे घाव हवा, पुराण नको, असं मी तेव्हा तोऱ्यात म्हणाले होते.

"मंग सांग," कंपाउंडर म्हणाला. "देऊ का नको देऊ?"

बाकावरचे सगळे माझ्याकडे बघत होते. ताईसुद्धा. त्याच्यावर ढकलून देणं सोपं होतं. मी आधीच ओरडले होते, आणि लोकांना ओरडणारा खरा वाटतो.

"पुन्हा लावा," मी म्हटलं. "अर्धं पाणी काढा. उकळी आल्यावर गजर लावा. चूक माझ्या कागदात आहे."

"घ्या!" ड्रायव्हर हसला. "कागदवालीच फेल!"

सगळे थांबले. ताई खोकत थांबली. पाणी खळखळू लागलं तेव्हा तिनं हळूच विचारलं, "आन् ते आधीचे नऊ दिवस?"



त्याच दुपारी संस्थेत सांगितलं. प्रमुख म्हणाले, "गवगवा करू नको, लोकांचा भरवसा जाईल. पुढच्या छपाईत दुरुस्त करू." कोणाचा भरवसा, हे मी विचारलं. मग शिबिराची यादी उचलली आणि सायकलवर तिसांच्या तीस दवाखान्यांत जाऊन पेनानं ओळ लिहिली. सहा ठिकाणी गजर वाजताना पाणी नुसतं वाफाळत होतं. उरलेल्यांनी उकळी धरली होती, कारण त्यांनी माझा कागद वाचलाच नव्हता.

ताईनं एकही सुई चुकवली नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, धोका कमी आहे, पण तीन महिन्यांनी रक्त तपासू. ताई तयार नव्हती. "तुह्या जिवाले बरं वाटावं म्हणून माहं रगत काहून काढून राहिली?" शेवटी आली, पण एका अटीवर: रक्त काढायची सिरिंज घरी तिच्यासमोर उकळायची. मी उकळली. पहिल्या खळखळीपासून दोघींनी घड्याळ धरलं.

आठवड्यानं तपासणी केंद्राच्या खिडकीवर चिठ्ठी मिळाली. दोष नाही. ताईनं ती घडी घालून पिशवीत टाकली. मी मात्र खिडकीवरच्या माणसाला विचारायला लागले, ही तपासणी केली कोणी, नळ्यांची अदलाबदल तर झाली नाही ना, बाटलीवर नाव कोणी लिहिलं.

ताईनं माझा दंड धरला. "चाल वं आता," ती म्हणाली. "माहं इंजेक्शन राह्यलं हाय."