मावशीचं बोलणं मी फिरवलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, जवळच्या मैत्रिणीला नाही. रोज गुडघे टेकते, डोळे मिटते, दिवसभरातलं सगळं कबूल करते – चिडचिड, हेवा, लहानसहान थापा – आणि या गोष्टीपाशी आले की 'आमेन' म्हणून उठते. देवाला माहीत आहे, मग वेगळं काय सांगायचं? असं म्हणत किती वर्षं उठत राहिले. आज तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही – म्हणूनच जमेल कदाचित.

आमच्या चर्चच्या मंडळीच्या गाड्या दर हिवाळ्यात नागपूरहून निघायच्या. वडसा, गडचिरोली, आलापल्ली, आणि पुढे भामरागडच्या रस्त्याला जंगलातली गावं. एका जीपमध्ये औषधं आणि लीला सिस्टर. मागच्या मोठ्या गाडीत आम्ही – पास्टर साहेब, गिटार घेतलेला सुनील, गाणाऱ्या दोघीतिघी, आणि गाडी चालवायला बल्लारपूरचे याकूबभाई. गावात पोचलं की आधी तपासणी, मग गाणी, मग प्रार्थना, शेवटी चादरी वाटायच्या. आणि मी? मी दुभाषी. मला माडिया येत होती, तिथल्या आदिवासींची बोली.

कशी येत होती, हे सगळे विचारायचे. मी सांगायचे, होस्टेलात माडिया मुली होत्या, त्यांच्याकडून शिकले. वडील चंद्रपूरला शाळेत मास्तर होते, मी लहान असताना आईवडील दोघंही गेले. लोक हळहळायचे. सुनीलची आई तर माझ्या डोक्यावरून हात फिरवायची. सुनील म्हणजे पास्टर साहेबांच्या बहिणीचा मुलगा. आमचं लग्न ठरलं होतं.

यातलं खरं किती? आई गेली हे खरं. ती तापानं गेली, जंगलातल्या घरात. मास्तर कुठला – बाप दुसरं घर करून निघून गेला. मी माडियाच आहे. होस्टेलात मला घेऊन आली ती माझी मावशी, आईची धाकटी बहीण. नदीतून मला खांद्यावर बसवून तिनं आणलं. मग बाजाराला आली की होस्टेलच्या फाटकाशी येऊन बसायची, पानाच्या द्रोणात चारं, म्हणजे चारोळीची फळं घेऊन. बाकीच्या मुली तिच्या अंगावरच्या गोंदणाला हसायच्या. पहिल्यांदा मला राग आला त्यांचा. मग मावशीचा यायला लागला. मी संडासात लपून बसायचे, ती जाईपर्यंत. पुढं नागपूरला शिकायला गेले. तिथं मला ओळखणारं कोणी नव्हतं – बसल्या बसल्या नवे आईबाप तयार केले. कुणाचं काय बिघडलं त्यानं? असंच वाटायचं.

लग्न ठरलं त्या वर्षी एका गावातून आम्ही दुपारी परत निघत होतो. लीला सिस्टरची जीप पुढं गेलेली. आमच्या गाडीत सामान चढत होतं. तेवढ्यात रस्त्याच्या कडेनं एक बाई येताना दिसली, काठी टेकत, एक पाय ओढत. पायाला फडकं बांधलेलं, नडगीपर्यंत सूज, वर माशा. जवळ आली. माझ्याकडे पाहिलं. मग तिनं मला हाक मारली – घरच्या नावानं. सोमी.

ते आमचं गाव नव्हतं. आमचं गाव नदीपलीकडं, आत. म्हणूनच तर मी बिनधास्त होते. पण मावशीनं ऐकलं होतं, दवाखान्याची गाडी आली आहे. त्या पायानं ती चालत आली होती.

तिनं माझा हात धरला. सगळं एकदमच बोलायला लागली, माडियातून – मी किती मोठी झाले, आईसारखी दिसते, तिला वाटलं होतं मी मेले. मग रडली. मग पाय दाखवला. लाकडं फोडताना कुऱ्हाड लागली, पुजाऱ्यानं केलं तेवढं केलं, आता रात्री झोप नाही, वास मारतो. तू आलीस बाई, बरं झालं. मला तुझ्या गाडीत घे, मोठ्या दवाखान्यात ने.

एवढंच मागत होती ती. आणि आमचा रस्ता त्याच दवाखान्यावरून जात होता.

पास्टर साहेब जवळ आले. मागं सुनील. त्यांनी विचारलं, "काय म्हणते ही?"

त्या क्षणी मी गडबडले, घाबरले, तोंडातून निघून गेलं – असं सांगता आलं असतं तुम्हाला. पण तसं झालं नाही. मला विचार करायला वेळ होता. मी सुनीलकडे पाहिलं, मावशीच्या हाताकडे पाहिलं – माझ्या नव्या ड्रेसच्या बाहीवर तिच्या बोटांचा काळा डाग पडला होता – आणि मी म्हणाले, "मोहाची प्यायलेली आहे, साहेब. पागल आहे थोडी. म्हणते, तुम्ही आमच्या पोरी पळवून नेता. शिव्या देऊन राहिली."

याकूबभाईंना माडिया येत नव्हती, पण पाय दिसत होता. ते म्हणाले, "बिठा लेते ना साब. मागं जागा हाय, दवाखाना तर रस्त्यातच पडते." पास्टर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, गाडीत ओकेल ती. आणि गावकऱ्यांनी उद्या आळ घेतला, बाईला पळवून नेलं म्हणून, तर? हे मी अगदी शांतपणे बोलले. पास्टर साहेब चांगला माणूस. ते अशा आळाला फार भ्यायचे.

त्यांनी वेदनेच्या गोळ्यांची एक पट्टी तिच्या हातात ठेवली. तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि दारूच्या बंधनातून तिची सुटका व्हावी म्हणून प्रार्थना सुरू केली. मला म्हणाले, तिच्या भाषेत सांग. सगळ्यांचे डोळे मिटलेले. फक्त तिचे आणि माझे उघडे.

मी प्रार्थनेच्या सुरातच बोलले. माडियातून. म्हणाले – जा. मला त्या नावानं हाक मारू नकोस. हा माझा होणारा नवरा आहे, त्याच्यासमोर मला खाली बघायला लावू नकोस. तू माझी कोणी नाहीस. तुझा पाय सडला तर सडू दे, पण इथून जा.

शेवटचं वाक्य कशाला बोलले? त्याची काहीच गरज नव्हती. त्याच्या आधीच तिनं माझा हात सोडला होता.

सगळे 'आमेन' म्हणाले. मी पण म्हणाले. मावशीला बाजारापुरती मराठी येत होती, हे मी विसरले होते. दारू, पागल – तिला सगळं समजलं होतं. ती पास्टर साहेबांकडे वळली. हात जोडून जोहार केला. म्हणाली, "चुकली मी सायेब. मले वाटलं, माही पोरगी हाय. नाई. ही माही नोहे. डोये गेले माहे."

मग काठी टेकत बाजूला झाली. गाडीला वाट दिली.

गाडीत सुनीलनं विचारलं, ती 'माही पोरगी' असं का म्हणत होती? मी म्हटलं, पिलेला माणूस काय, कुणालाही पोरगी म्हणतो. त्यानं माझ्या हातावर थोपटलं. किती सहन करावं लागतं तुला, असं म्हणाला. दवाखाना आला. त्याच्यासमोर थांबून आम्ही चहा घेतला.

पुढच्या हिवाळ्यात मी गेले नाही, लग्न नवं होतं. लीला सिस्टर जाऊन आल्या. स्वयंपाकघरात माझ्यासोबत मटार सोलता सोलता म्हणाल्या, "अगं, साहेब सांगायचे ती पागल बाई पावसाळ्याआधीच गेली म्हणे. पाय काळा पडला होता. पण गावातले म्हणतात, ती दारूला हात लावत नव्हती. तुझ्या ऐकण्यात काही चुकलं का गं?"

तेव्हा तरी बोलता आलं असतं. आता तर ती मेली होती, कोणी येऊन मला सोमी म्हणणार नव्हतं. मी म्हणाले, "मेलेल्याबद्दल सगळे असंच बोलतात, सिस्टर." त्यांनी मान हलवली. आणि खरं सांगते – मला हलकं वाटलं. रडू नाही आलं. हलकं वाटलं. त्या दिवशी मी मटारचा पुलाव केला आणि दोनदा वाढून घेतला.

त्याच नाताळात वडसाला मेळावा होता. मंडपात माणसं दाटून बसलेली. पास्टर साहेबांनी मला पुढं बोलावलं, प्रवासातले अनुभव सांग म्हणाले, त्या दारुड्या बाईची गंमत सांग. मी माइक हातात घेतला. तिचा आवाज काढला. 'माही पोरगी, माही पोरगी' असं म्हणत मी झोकांड्या खाल्ल्या. मग एक पाय ओढत स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं.

मंडप हसून हसून लोटपोट झाला. समोर सुनील बसला होता, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुन्हा करून दाखव, असं मागून कोणीतरी ओरडलं.

मी पुन्हा करून दाखवलं.