शिरोळची तिजोरी

आज सकाळी दुकानात एका गंजक्या कुलपात रॉकेल सोडलं आणि त्या वासाबरोबर शिरोळची तिजोरी आठवली.

पूर ओसरून आठवडा झाला होता. चावी पाण्यात गेलेली, म्हणून त्या घरातल्या दोघा भावांनी मला कोल्हापुरातनं बोलावलं. आईचे दागिने बघायला दोघेही आतुर, पण आक्कांनी, म्हणजे त्यांच्या आईनं, त्यांना बाहेर सोप्यातच थांबवलं. भिंतींना अजून गाळाचा वास होता. तीन तास कानस चालवून मी नवी चावी बसवली. कुलूप फिरलं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. कुलूप आम्ही काढायचं, दार मालकानं ओढायचं, आणि तेवढा वेळ आम्ही पाठ फिरवून उभं राहायचं. मी भिंतीकडं तोंड केलं.

दार करकरलं. पण पुढं डबा सरकल्याचा, काही उचलल्याचा आवाज आला नाही. माझी पाठ बघूनच आक्कांना धीर आला असावा.

"पावणं, उघडत न्हाय म्हणून सांगा की. थोरल्याच्या शिक्षणाला समदं इकलंय. धाकट्याला कळलं तर भावाभावात वाकडं यील."

मी कुलूप परत लावलं, चावी त्यांच्या हातात ठेवली आणि बाहेर येऊन म्हणालो, "न्हाय जमलं."

"मग आलासा कशाला?" धाकटा म्हणाला.

आक्का आतून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. माझ्या माघारी फोडा."

तेव्हा धाकट्याचं बोलणं फार झोंबलं होतं. आता वाटतं, इतकं चोख काम मी दुसरं केलं नाही.

शिरोळहून मात्र त्यानंतर कुणी बोलावलं नाही.